मानलेल्या बहिणी

हुतात्मा चौकातल्या कारंज्याच्या माथ्यावर उभी आहे ती फ्लोरा, रोमन लोकांची फुलोऱ्याची देवी. तिचं ग्रीक रूप कोणतं, असं विचारलं तर मुलांच्या ज्ञानकोशातला तक्ता लगेच उत्तर देतो: क्लोरिस. त्याच तक्त्यात हेरा म्हणजे जुनो, अथेना म्हणजे मिनर्व्हा, आफ्रोदिती म्हणजे व्हीनस, आर्टेमिस म्हणजे डायना, डिमिटर म्हणजे सेरीस, हेस्तिया म्हणजे वेस्टा, निकी म्हणजे व्हिक्टोरिया अशा जोड्या ओळीने लावलेल्या असतात. डावीकडे ग्रीक, उजवीकडे रोमन, मधे बरोबरीचं चिन्ह. जोड्या खऱ्या आहेत. प्राचीन रोमन लोकांनीच त्या लावल्या. माझं भांडण आहे ते बरोबरीच्या चिन्हाशी. आपल्या गावोगावच्या देवींना आपण एकमेकींच्या बहिणी म्हणतो. एकीची जत्रा चैत्रात, दुसरीची माघात; एकीला गोडाचा नैवेद्य, दुसरीला तिखटाचा. नातं जोडलं म्हणून कोणी कोणात विरघळून जात नाही. ग्रीक आणि रोमन देवींचं नातं मला तसंच दिसतं. त्या मानलेल्या बहिणी होत्या, आणि तसं धरून त्यांच्याकडे पाहिलं की प्रत्येकीचा चेहरा वेगळा दिसू लागतो.

आधी फ्लोराच घेऊ. ओव्हिड या कवीने ‘फास्ती’ या काव्यात रोमच्या पंचांगातले सण महिन्यामागून महिना सांगितले आहेत. त्यात मे महिन्याच्या भागात फ्लोरा स्वतः बोलते. आपण पूर्वी क्लोरिस नावाची वनकन्या होतो, पश्चिमेचा वारा झेफिरस आपल्या मागे लागला, त्याने आपल्याला पळवून नेलं, पुढे लग्न करून फुलांचं राज्य दिलं, अशी तिची हकीकत. फ्लोरेन्समधल्या बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’ या चित्रात उजव्या कडेला हाच प्रसंग आहे. वाऱ्याच्या हाती सापडलेल्या मुलीच्या तोंडातून फुलं निघताहेत आणि तिच्या शेजारी फुलांचा पोशाख ल्यालेली फ्लोरा पुढे पाऊल टाकते आहे. एकाच देवीची आधीची आणि नंतरची अवस्था चित्रकाराने शेजारी शेजारी उभी केली.

पण ही कथा जोडली जाण्याच्या कितीतरी आधीपासून फ्लोरा रोममध्ये होती. तिच्यासाठी स्वतंत्र पुजारी नेमलेला असे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात, सिबिलीय ग्रंथांचा, म्हणजे रोमच्या भविष्यवाणीच्या पोथ्यांचा, कौल घेऊन, तिचं देऊळ आणि तिचा उत्सव सुरू झाला. हेतू एकच, सगळ्या पिकांना नीट फुलोरा यावा. इ.स.पू. १७३ पासून तो दरवर्षी होऊ लागला. २८ एप्रिलला सुरू होऊन तो ३ मेपर्यंत चाले. लोक रंगीबेरंगी कपडे घालत, नाटकं होत, सर्कसच्या मैदानात ससे आणि शेळ्या सोडत. रोममध्ये ती होती ती अशी. शोभेच्या फुलांशी तिचा संबंध नंतरचा. मुळात ती मोहोराची देवी. आंब्याला मोहोर आल्यापासून फळ धरेपर्यंत कोकणातला बागायतदार ज्या काळजीने आभाळाकडे बघतो, धुकं पडलं, अवकाळी शिंतोडे आले की ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला ही देवी समजावून सांगावी लागणार नाही. क्लोरिसच्या वाट्याला ग्रीसमध्ये असा उत्सव, असं देऊळ आलेलं नाही. म्हणजे देवी आणि उत्सव रोमचे, कथेतली मुलगी ग्रीसची. ओव्हिडने दोघींना एका जन्मात गुंफलं.

फ्लोराच्या उत्सवाआधी तीनच दिवस, २५ एप्रिलला, रोमन लोक गव्हावरच्या तांबेऱ्याची पूजा करत. रोबिगो हे तिचं नाव. (काही ठिकाणी तिला पुरुषदेवही मानलं आहे, ओव्हिड तिला देवी म्हणूनच हाक मारतो.) शहराबाहेर जाऊन कुत्रा आणि मेंढीचा बळी द्यायचा आणि आमच्या पिकाला हात लावू नकोस अशी विनवणी करायची. तक्त्यात रोबिगो सापडत नाही, कारण तिला ग्रीक जोडीदारीण नाही. फळबागांची पोमोना, तीही तशीच एकटी. ग्रीक पुराणात जिला जागा सापडली नाही तिला तक्त्यानेही जागा दिली नाही, आणि शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्याशी ज्यांचा संबंध सगळ्यांत जवळचा, नेमक्या त्याच देवी आपल्या नजरेआड झाल्या.

मग या जोड्या लागल्या कशा? त्यासाठी इ.स.पू. तिसऱ्या शतकात जावं लागतं. दक्षिण इटलीत तेव्हा ग्रीक वसाहती होत्या आणि रोमचा त्यांच्याशी व्यापार, लढाया, सोयरिकी सगळं चालू होतं. लिव्हियस आंद्रोनिकस या ग्रीक वंशाच्या कवीने याच शतकात होमरचं ‘ओडिसी’ लॅटिनमध्ये आणलं. पहिल्याच ओळीत ग्रीक काव्यदेवी म्यूज येते. तिच्या जागी त्याने कामेना ही झऱ्याकाठची जुनी रोमन देवी बसवली. त्याच्या श्रोत्यांना ती ठाऊक होती, म्हणून काव्य आपलं वाटलं. पुढच्या लॅटिन कवींनी म्यूजच पसंत केली आणि कामेना मागे पडली.

सार्वजनिक ठिकाणी ही जुळणी दिसली ती इ.स.पू. २१७ मध्ये. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने ट्रासिमीन सरोवराकाठी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला होता. शहर हादरलं. अशा वेळी सिनेटने देवांना मेजवानी दिली. मंचकांवर देवांना दोन-दोन करून बसवलं आणि पुढे ताटं मांडली. ज्युपिटर आणि जुनो, नेपच्यून आणि मिनर्व्हा, मार्स आणि व्हीनस, अपोलो आणि डायना, व्हल्कन आणि वेस्टा, मर्क्युरी आणि सेरीस. इतिहासकार लिव्हीने ही यादी नोंदवून ठेवली आहे. बारा देवांचं हे मंडळ ग्रीक धर्तीचं, नावं सगळी रोमन. मला या प्रसंगाचं फार महत्त्व वाटतं. कोणा पंडिताने निवांत बसून केलेली ही तुलना नव्हती. दारात शत्रू उभा असताना एका घाबरलेल्या शहराने मिळेल तेवढं दैवी बळ गोळा केलं, त्यातून ही रांग लागली.

शत्रूची देवी आपल्याकडे बोलावून घेण्याचा एक विधीही रोमन लोकांकडे होता. वेई हे एत्रुस्कन शहर दहा वर्षांच्या वेढ्यानंतर इ.स.पू. ३९६ मध्ये पडलं. तिथली ग्रामदेवता होती राणी जुनो. सेनापती कामिल्लसने आधीच तिला साकडं घातलं होतं की आमच्याबरोबर रोमला चल, तुला मोठं देऊळ बांधू. शहर पडल्यावर निवडक तरुण स्नान करून, पांढरी वस्त्रं नेसून मूर्ती उचलायला गेले. त्यांतल्या एकाने विचारलं, जुनो, रोमला येतेस का? आणि मूर्तीने मान डोलावली, असं लिव्ही सांगतो. भक्ताच्या मागोमाग निघालेली देवी, आणि त्याने मागे वळून पाहताच जागच्या जागी थांबलेली देवी, अशा आख्यायिका ऐकत मोठं झालेल्या मराठी माणसाला हा प्रसंग परका वाटणार नाही. मात्र आपल्याकडे बहुधा तिला एकच भक्त घेऊन येतो. तिथे एक राज्यच तिला आमंत्रण देत होतं.

ही जुनो म्हणजे हेरा का? हेरा ग्रीक पुराणात नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाने पिचलेली, सवतींच्या लेकरांवर सूड उगवणारी राणी म्हणून गाजली. जुनोचा रोममधला व्याप वेगळाच होता. ती बाळंतिणीची देवी, लुसिना. १ मार्चला विवाहित बायकांचा सण असे तो तिच्या देवळात. लानुव्हियम गावात ती बकऱ्याचं कातडं पांघरून, भाला घेऊन उभी. आणि कॅपिटोल टेकडीवर ती मोनेटा. तिच्या देवळाला लागून रोमची टांकसाळ होती, म्हणून नाणं आणि पैसा यांसाठीचे युरोपीय शब्द तिच्या नावावरून आले. हा सगळा व्याप ग्रीक हेराकडे नव्हता.

अथेना आणि मिनर्व्हा यांचंही असंच. अथेना अथेन्सची नगरदेवता. इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात पार्थेनॉन उभं राहिलं आणि त्यात फिडियसने हस्तिदंत आणि सोन्याची तिची प्रचंड मूर्ती घडवली. शिरस्त्राण, ढाल, भाला हे तिचं रूप. मिनर्व्हा एत्रुस्कन लोकांकडून, मेनर्वा या नावाने, रोमकडे आली आणि मुख्यतः कारागिरांची झाली. १९ मार्चपासून तिचा उत्सव. विणकर, रंगारी, चांभार, वैद्य, शिक्षक सगळे तिला मानत. शाळांना सुट्टी मिळे आणि गुरुजींना त्यांची दक्षिणा. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून हत्यारांना झेंडूची फुलं वाहणाऱ्या घरात मिनर्व्हाला ओळखीची मंडळी भेटली असती.

मुंबईकरांना मात्र मिनर्व्हा भेटली ती सिनेमामुळे. सोहराब मोदींनी १९३६ मध्ये मिनर्व्हा मूव्हीटोन काढली. याच कंपनीने १९४१ मध्ये ‘सिकंदर’ आणला. पृथ्वीराज कपूर सिकंदर आणि मोदी स्वतः पोरस. ग्रीक राजाचा चित्रपट रोमन देवीच्या नावाखाली निघाला. लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ पासून ‘शोले’ पाच वर्षं चालला. ताडदेवला डायना, माटुंग्याला अरोरा, म्हणजे ग्रीक ईऑस हिची रोमन बहीण, पहाटेची देवी. थिएटरांना इतक्या रोमन देवींची नावं पडली आणि ग्रीक नाव पडलं ते एका देवाचं, चर्चगेटच्या इरॉसचं. इंग्रजीतून आपल्याकडे रोमन नावं आधी पोचली, हे त्यामागचं साधं कारण असावं.

वेस्टा ही मला यातली सगळ्यांत ठळक गोष्ट वाटते. हेस्तिया ग्रीक घराच्या चुलीची देवी. तिला आदर खूप, पण कथा जवळजवळ नाहीत. रोममध्ये हीच चूल राज्याची झाली. फोरम या रोमच्या मुख्य चौकातल्या तिच्या गोल देवळात मूर्ती नव्हती, फक्त अग्नी होता. तो सांभाळायला सहा कुमारिका. सहा ते दहा वर्षांच्या वयात त्यांची निवड होई आणि मग तीस वर्षं सेवा: दहा वर्षं शिकायची, दहा करायची, दहा शिकवायची. रस्त्यात त्या दिसल्या तर मोठमोठे अधिकारी वाट देत. ब्रह्मचर्य मोडल्याचा आरोप सिद्ध झाला तर जिवंत पुरत. सेवा संपली की त्या लग्न करू शकत. बऱ्याच जणी तशाच राहत. इ.स. ३९४ च्या सुमारास, सम्राट थिओडोसियसच्या काळात, तो अग्नी कायमचा विझला. हेस्तियाच्या वाट्याला इतका थाट आला नाही. तक्ता या दोघींना एका रेघेवर बसवतो तेव्हा हे सगळं गळून पडतं.

व्हीनस आधी भाजीपाल्याच्या मळ्यांशी जोडलेली देवी होती. आफ्रोदितीशी नातं जुळल्यावर तिला कथा मिळाल्या आणि त्यांतली एक राजकारणात फार कामी आली. ट्रॉयहून इटलीत आलेला एनियस हा आफ्रोदितीचा मुलगा, आणि ज्युलियस सीझरचं घराणं स्वतःला एनियसचं वंशज म्हणवी. इ.स.पू. ४६ मध्ये सीझरने आपल्या फोरममध्ये ‘आदिमाता व्हीनस’चं देऊळ बांधलं, म्हणजे एका परीने आपल्या पणजीचंच. आफ्रोदिती स्वतःही मूळची शुद्ध ग्रीक नव्हे. सायप्रसमध्ये पाफोसला तिचं प्राचीन ठाणं होतं आणि फिनिशियन लोकांच्या अस्तार्तेशी तिचा निकटचा संबंध आहे. रोमन लोकांनी ग्रीकांकडून घेतलं, तसं ग्रीकांनी पूर्वेकडून घेतलं होतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तमधल्या इसिसला डिमिटर म्हटलं, साईस गावच्या नीथला अथेना म्हटलं. पुढे रोमन इतिहासकार टॅसिटसने जर्मन टोळ्यांच्या देवांबद्दल लिहिताना या प्रकाराला ‘रोमन अर्थ लावणं’ असं नावच दिलं.

सेरीसच्या बाबतीत रोमन लोकांनी नुसत्या कथा घेतल्या नाहीत, पुजारिणीसुद्धा आणल्या. धान्याची ही देवी रोमच्या सामान्य जनतेची, प्लेबियन लोकांची. इ.स.पू. ४९३ मध्ये तिचं देऊळ झालं आणि जनतेचे अधिकारी आपली कागदपत्रं तिथे ठेवत. नंतर डिमिटरच्या धर्तीची व्रतं सुरू झाली, तेव्हा ती करायला नेपल्स आणि व्हेलियाच्या ग्रीक बायका बोलावल्या जात. त्यांना मुद्दाम रोमन नागरिकत्व देत असत. विधीचं ज्ञान परक्या मुलखातलं असलं तरी प्रार्थना करणारं मन नागरिकाचं असावं, हा त्यामागचा विचार सिसेरोने एका खटल्याच्या भाषणात सांगितला आहे. इतकं स्वच्छ बोलणारे लोक बरोबरीच्या चिन्हात अडकलेले नव्हते. आपलं काय आणि आणलेलं काय, याची जाण त्यांना होती. इ.स.पू. २०४ मध्ये त्यांनी आशिया मायनरमधून सिबिली ही महामाता आणली. ती मूर्ती नव्हतीच, काळा दगड होता. मराठीत आपण त्याला तांदळा म्हणू. तिला त्यांनी ‘थोरली आई’ म्हणून स्वतंत्र देऊळ दिलं.

रोमन लोकांची एक खास सवय इथे सांगायला हवी, कारण ती मुंबईत जागोजागी दिसते. गुणांना देवी करणं. सलोख्याची कॉन्कॉर्डिया, शब्द पाळण्याची फिदेस, आशेची स्पेस, शांततेची पाक्स, आरोग्याची सालुस. ग्रीकांकडेही अशा देवी होत्या, पण इतक्या देवळांनिशी नव्हे. विजयाची व्हिक्टोरिया यांतलीच, ग्रीक निकीची बहीण. ऑगस्टसने इ.स.पू. २९ मध्ये सिनेटच्या सभागृहात तिची मूर्ती आणि वेदी बसवली. चारशे वर्षांनी ख्रिस्ती सम्राटाने वेदी हटवली, तेव्हा सिम्माकस नावाच्या सिनेटरने ती परत बसवावी म्हणून कळवळून अर्ज केला. तो नामंजूर झाला.

मुंबईतल्या अशा देवी पाहायला आमच्या नाहूरहून, भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या स्टेशनवरून, निघू. इथे स्लो लोकलच थांबते. तिने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, म्हणजे सीएसएमटीपर्यंत, गेलं की उतरल्यावर मान वर करून पाहावं. सीएसएमटीच्या मधल्या घुमटावर एक स्त्री उभी आहे, उजवा हात उंचावून मशाल धरलेली, डाव्या बाजूला आऱ्यांचं चाक. ही ‘प्रगती’, थॉमस अर्प याने घडवलेली. कुठल्याच पुराणात तिचं नाव नाही. पण वस्त्राच्या चुण्या, उभं राहण्याची ढब, गुणालाच बाई करून शिखरावर बसवण्याची कल्पना, सगळं कॉन्कॉर्डिया आणि व्हिक्टोरिया यांच्या घराण्यातलं. स्टेशनचं पहिलं नावही एका राणीचं, आणि त्या राणीचं नाव म्हणजे विजयाच्या देवीचंच नाव.

दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत गेलं की फ्लोरा. हे कारंजं पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेने भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्ससाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी करवून घेतलं होतं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, शिल्पकार जेम्स फोर्सिथ, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलंडचा. करसेटजी फर्दूनजी पारेख यांनी मोठी देणगी दिली. शेती आणि बागांच्या संस्थेने मोहोराची देवी निवडावी हे मला अगदी रास्त वाटतं. त्या सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडली होती. चर्च गेट होतं त्या जागी, १८६९ मध्ये, कारंजं उभं राहिलं. फ्रियर यांचंच नाव त्याला द्यायचं ठरत होतं. लोकांच्या तोंडी देवीचंच राहिलं. पुढे कित्येक वर्षं तिच्यावर रंगाचे थरावर थर चढत गेले. अलीकडच्या जीर्णोद्धारात ते उतरवून मूळ दगड मोकळा केला आणि जानेवारी २०१९ मध्ये पाणी पुन्हा खेळू लागलं. तिच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार, मागे पिकाची देवी. एकमेकांशी काही संबंध नसताना शेजारी आलेली ही शिल्पं मला नेहमी थांबवतात.

तिथून उच्च न्यायालय जवळच. त्या इमारतीवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. न्यायदेवतेच्या मागे ग्रीक थेमिस आणि तिची मुलगी डिके, त्यांची रोमन बहीण युस्तिशिया. तराजू जुना आहे. डोळ्यांवरची पट्टी मात्र ग्रीकांची नाही आणि रोमनांचीही नाही. ती युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्रांत दिसू लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात बसवलेल्या नव्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही, हातात तलवारीऐवजी संविधान आहे आणि अंगावर साडी आहे. देवी नव्या मुलखात आली की पोशाख बदलतो, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं.

नाहूरहून उलट्या दिशेची लोकल धरली तर कल्याण. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ते कल्लिएना या नावाने येतं. तिथे उतरणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जातं, असा इशारा लेखकाने दिला आहे. भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस यांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात, असंही तो लिहितो. मिनँडरच्या चांदीच्या नाण्यांवर अथेना आहे, हातात वज्र घेतलेली. पंजाबातल्या ग्रीक राजाची ही नगरदेवी पश्चिम किनाऱ्यावरच्या सराफाच्या हातात रोज खुळखुळत होती. त्या काळचे यवन, म्हणजे ग्रीक, घाटावरही पोचले होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातले कित्येक खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चित, चंद अशी यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांनी इथे येऊन अथेनेचं देऊळ बांधलं नाही, बौद्ध संघाला दान दिलं. त्याच कार्ल्याच्या चैत्याच्या तोंडाशी आज एकवीरेचं देऊळ आहे. खाडीकाठचे कोळी, आगरी चैत्रात पालख्या घेऊन येतात आणि यवनांच्या खांबांवरून वारं येतं त्या अंगणात आईचा उदो करतात.

नाण्यांनी एक गोष्ट मात्र नक्की केली. ग्रीकांची तिके, रोमनांची फोर्तुना, ही नशिबाची आणि समृद्धीची देवी. फळाफुलांनी ओथंबलेलं शिंग ही तिची खूण. वायव्येकडच्या कुशाण राजांनी तेच शिंग आपल्या अर्दोक्षो या इराणी देवीच्या हाती दिलं. सिंहासनावर बसलेली, शिंग घेतलेली अर्दोक्षो चौथ्या शतकात समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर जशीच्या तशी उतरली. नंतरच्या गुप्त नाण्यांवर सिंहासन जाऊन कमळ आलं, शिंगाच्या जागीही कमळ आलं, आणि ती लक्ष्मी झाली. लक्ष्मी स्वतः त्याहून फार जुनी आहे. सांची-भारहुतला ती हत्तींसह कोरलेली आहे. म्हणजे इथेही घरची देवी आधी होती, पाहुणीची बैठक आणि ऐवज तिने आपलासा केला.

उलट प्रवास झाला तो एका हस्तिदंती मूर्तीचा. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांना सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती सापडली. भरपूर दागिने, कमरेला जड मेखला, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ती गाडली गेली होती. माइउरींनी तिला लक्ष्मी म्हटलं आणि नेपल्सच्या संग्रहालयात ती आजही ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणूनच ओळखली जाते. तिच्या हाती कमळ नाही, शेजारी हत्ती नाहीत. बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. इटलीतल्या विद्वानाने परक्या मूर्तीसाठी आपल्याला माहीत असलेल्या देवींतलं सगळ्यांत जवळचं नाव निवडलं. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

या मूर्तीच्या बहिणी महाराष्ट्रात आहेत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात, म्हणजे प्राचीन भोगवर्धनात, तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असं मत मांडलं. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून काही अभ्यासक तिकडे बोट दाखवतात. दुसरी मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरची. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधलं तगर, तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, असं त्या ग्रंथात नोंदवलं आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात फिरून, शेतांत आणि पांढरीत मिळालेल्या वस्तू वर्षानुवर्षं जमा केल्या. त्यांच्याच नावाने तेरला शासकीय संग्रहालय आहे. ती छोटी हस्तिदंती मूर्ती तिथे आहे, आणि तिच्याबरोबर रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदकं, त्या काळच्या बाजाराची खूण म्हणून.